मोजक्या पैशांत गेमिंग लॅपटॉप: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: पैसे ठरलेले आहेत, त्यात गेम नीट चालेल असा लॅपटॉप कसा निवडायचा? किमती सतत बदलतात, म्हणून उत्तरांतले आकडे वॅट, जीबी आणि अंश सेल्सिअसचे आहेत. पैसे कुठे घालायचे हे ठरवताना आम्ही एकच कसोटी लावली आहे. ग्राफिक्स कार्ड आणि ते थंड ठेवणारे पंखे-पाइप लॅपटॉपबरोबर येतात आणि शेवटपर्यंत तेच राहतात. स्क्रीन बदलता आली तरी ते सहसा परवडत नाही. रॅम आणि एसएसडी मात्र बहुतेक मॉडेलांत वर्षभराने, हातात पैसे आल्यावर वाढवता येते. हात आखडायचा असेल तर तो इथे.

प्रश्न: सारख्याच किमतीत दोन लॅपटॉप मिळत आहेत. एकात आय-७ प्रोसेसर आणि ४ जीबीचे आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्यात आय-५ आणि ६ जीबीचे आरटीएक्स ४०५०. विक्रेता म्हणतो, "प्रोसेसर भारी तर सगळे भारी." कोणता घेऊ?

उत्तर: दुसरा, डोळे झाकून.

या किंमतपट्ट्यात गेम अडतो तो जवळजवळ नेहमी ग्राफिक्स कार्डापाशी. प्रोसेसरचे काम कार्डाला वेळेवर काम पुरवण्याचे. इंटेलचा आय-५ १२४५०एच किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००एच यांच्यासारखा प्रोसेसर ४०५० ला पुरेसे काम देतो. त्यावर आय-७ बसवला तर कार्ड आधीच पूर्ण क्षमतेने चालत असल्याने एफपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमच्या (चित्रांच्या) संख्येत, फारसा फरक दिसत नाही. शिवाय "आय-७" हे स्टिकर फार काही सांगतही नाही. आय-७ १२५५यू मध्ये वेगवान कोअर, म्हणजे हिशोब करणारे भाग, दोनच आहेत आणि तो १५ वॅटच्या हिशोबाने बनवलेला आहे. आय-५ १२४५०एच मध्ये वेगवान कोअर चार आणि हिशोब ४५ वॅटचा. गेमसाठी हा आय-५ त्या आय-७ पेक्षा उजवा. म्हणून नावाच्या शेवटचे अक्षर आधी वाचा: यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच, एचएस किंवा एचएक्स म्हणजे दमदार. रायझनच्या ७००० मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक पिढी सांगतो. ७५३५एचएस मधला ३ म्हणजे झेन ३ या रचनेची सुधारित आवृत्ती, ७८४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४, आणि ७५२०यू मधला २ म्हणजे २०१९ सालची झेन २. पहिला ७ तिघांनाही आहे, त्यामुळे तो पाहून काहीच ठरवू नका.

आता ४ जीबी आणि ६ जीबीचा मुद्दा, कारण पुढच्या तीन-चार वर्षांत हाच सर्वांत जास्त बोचेल. गेममधल्या भिंती, चेहरे, झाडे यांची चित्रे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत भरलेली असतात. ती मेमरी भरली की उरलेली चित्रे लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये जातात आणि लागतील तेव्हा तिथून आणावी लागतात. ४०५० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला १९२ जीबी आहे. प्रोसेसरकडून कार्डाकडे येणारी वाट सेकंदाला सुमारे १६ जीबीची. म्हणजे बारा पदरी रस्ता संपून एकदम एक पदर. एफपीएसचा सरासरी आकडा ५५ दिसतो, पण वळणावर गेम गचकन थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. ४ जीबीच्या कार्डावर अलीकडच्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (ही चित्रे) "लो" वर नेल्याशिवाय हे थांबत नाही. ६ जीबीवर "मीडियम" बहुतेक ठिकाणी निभते. थोडे ताणून ८ जीबीचे आरटीएक्स ५०५० किंवा ४०६० आवाक्यात येत असेल, तर प्रोसेसर एक पायरी खाली आणून, एसएसडी निम्मी करूनसुद्धा ते घ्या. लहान कार्डाची खंत दुसऱ्या कशाने भरून निघत नाही.

फ्रेम जनरेशनवर, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेली फ्रेम घालण्याच्या सोयीवर, निवड बेतू नका. एनव्हिडियाची ही सोय ४०-मालिकेपासून आहे, ३०५० ला नाही, हे खरे. पण ती स्वतः कार्डाची मेमरी खाते आणि मुळात ५०-६० खरे एफपीएस असतील तरच बरी वाटते. २५ चे ५० केले तर आकडा वाढतो, हाताला गेम तितकाच जड लागतो. डीएलएसएसचे अपस्केलिंग, म्हणजे कमी ठिपक्यांचे चित्र बनवून ते मोठे करणे, मात्र खरोखर उपयोगी आहे आणि ते आरटीएक्स नावाच्या प्रत्येक कार्डावर चालते.

एक अपवाद. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धेचे गेम कमी सेटिंगवर १४४ किंवा त्याहून जास्त एफपीएसने खेळायचे असतील, किंवा शेकडो सैनिक, शेकडो गाड्या एकाच वेळी हलवणारे गेम आवडत असतील, तर तिथे प्रोसेसर अडतो. तुमचा सगळा वेळ अशाच गेममध्ये जात असेल, तरच प्रोसेसरला कार्डाइतके महत्त्व द्या.

प्रश्न: आरटीएक्स ४०६० चे दोन लॅपटॉप पाहिले. एक सडपातळ, हलका आणि महाग. दुसरा जाड आणि स्वस्त. तपशीलाचे कागद शब्दाला शब्द सारखे. मग महागड्यात जास्त काय आहे?

उत्तर: दिसणे जास्त आहे, आणि गेममध्ये वेग बहुधा कमी आहे. लॅपटॉपमधले ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही चालवता येते, आणि किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. नाव तेच राहते. पातळ बॉडीत पंखे लहान, तांब्याचे पाइप कमी, त्यामुळे वॅट कमी ठेवावे लागतात. तळाच्या वॅटवर चालणाऱ्या ४०६० ला भरपूर वॅट मिळालेले ४०५० मागे टाकू शकते. म्हणून कार्डाचे नाव हे अर्धेच उत्तर समजा. दुसरे अर्धे वॅट.

हा आकडा शोधायचा असा. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पूर्ण तपशीलात "टीजीपी" किंवा "मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर" असे लिहिलेले असते. "११५ वॅट" च्या शेजारी बारीक अक्षरात "डायनॅमिक बूस्टसह" असेल तर नेहमीचे १०० किंवा ९० आणि वरचे १५-२५ प्रोसेसर शांत असतानाच मिळणारे, असा अर्थ घ्या. लॅपटॉप समोर असेल तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, डाव्या कोपऱ्यात खाली "सिस्टम इन्फर्मेशन" आहे, त्याच्या यादीत "मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर" ही ओळ सापडेल. मिनिटभराचे काम आहे आणि कोणताही विक्रेता त्याला नाही म्हणणार नाही.

तेही जमले नाही तर चार्जर उलटा करून त्यावरचे लेबल वाचा. आउटपुटपुढे २० व्होल्ट आणि ६.७५ अँपिअर असेल तर गुणाकार १३५ वॅट. कार्डाला ९० वॅट, प्रोसेसरला ४५, त्यावर स्क्रीन, पंखे, रॅम आणि बॅटरी भरण्याचा भार, असे सगळे मिळून १३५ च्या वर जाते. म्हणजे एवढ्या चार्जरवर ते कार्ड ९० वॅटने फार वेळ चालूच शकत नाही, तपशीलात काहीही लिहिलेले असो. २० व्होल्ट आणि १० अँपिअर, म्हणजे २०० वॅट, असेल तर निर्धास्त राहा.

वॅटच्या मागे आंधळेपणाने लागू नका, एवढे मात्र सांगायला हवे. ४०५० आणि ४०६० ला ४५ वरून ७५ वॅटवर नेले तर वेग ठळकपणे वाढतो. ९०-१०० च्या पुढे वाढ नाममात्र उरते. जास्तीचे ४० वॅट म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर ते पैसे रॅमला ठेवा. जाड लॅपटॉप घेताना बिजागरी मात्र तपासा: एका हाताने, एका कोपऱ्याला धरून झाकण उघडा. खालची बॉडी पिळवटताना दिसली किंवा कडकड आवाज आला तर ते मॉडेल नको. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये बिजागरीजवळचे प्लॅस्टिक तुटणे ही फार सामान्य तक्रार आहे.

प्रश्न: नवीन लॅपटॉपात ८ जीबी रॅम आहे. कार्ड चांगले असूनही गेम मध्येच अडकतो. मित्र म्हणतात आणखी ८ जीबी टाक. स्वतः टाकता येईल का?

उत्तर: मित्र बरोबर सांगतात. विंडोज आणि ब्राउझर मिळून त्यातली निम्मी रॅम आधीच घेतात, गेमला उरते ती पुरत नाही आणि विंडोज रॅममधला मजकूर एसएसडीवर ठेवू-आणू लागते. ते अडकणे त्याचेच. दुसरे कारण असे की रॅमची एकच पट्टी असली की प्रोसेसरला एकच वाट मिळते. डीडीआर४ ३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते. दोन असल्या की दुप्पट. दुसरी पट्टी टाकल्यावर सरासरी एफपीएस थोडेच वाढतील, पण मध्येच २० वर कोसळायचे ते थांबेल, आणि खेळणाऱ्याला जाणवते ते हेच.

आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे "स्लॉट्स यूज्ड" पुढे "१ ऑफ २" दिसले तर जागा आहे. शेजारी वेगही असतो. बोर्डावरच डकवलेली रॅम असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहून खात्री करा. डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही. दोन्हींची खाच वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपची पट्टी "एसओ-डिम" या आखूड आकाराची घ्या आणि वेग आहे त्याच पट्टीइतका. वेगवेगळे वेग मिसळले तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने धावतात. ८ च्या जोडीला १६ टाकली तरी चालते. वॉरंटीचा कागद वाचा. काही कंपन्या मागचे झाकण उघडायला हरकत घेत नाहीत, काही घेतात.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. खालचे स्क्रू काढताना ते ज्या जागचे त्याच मांडणीत कागदावर ठेवा, कारण पुढचे सहसा आखूड आणि मागचे लांब असतात. लांब स्क्रू आखूड जागी घट्ट केला तर तो वरून कीबोर्डाच्या बाजूला बाहेर येतो. काही मॉडेलांत एक स्क्रू पूर्ण निघत नाही, नुसता सैल होऊन झाकण उचलतो. तो ओढू नका. झाकणाच्या कडेने जुने प्लॅस्टिकचे कार्ड फिरवा, खटके एकेक करून सुटतील. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीची पिन बोर्डावरून काढा. मग हाताला स्थिर वीज राहू नये म्हणून एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा. पट्टी सुमारे ३० अंशांच्या तिरप्या कोनात, सोनेरी कडा दिसेनाशी होईपर्यंत आत सारा आणि मगच खाली दाबा. दोन्ही बाजूंचे चिमटे टक् करून बसले पाहिजेत.

पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काळीच राहील. डीडीआर५ मध्ये हा वेळ एक-दोन मिनिटांचा, क्वचित त्याहून जास्त असतो. बोर्ड नव्या पट्टीची चाचपणी करत असतो. घाबरून बटण दाबून बंद करणारे बरेच असतात आणि मग चाचपणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पाच मिनिटे थांबा. त्यानंतरही काळीच राहिली तर पट्टी काढून पुन्हा बसवा. दहातल्या नऊ वेळा ती पूर्ण आत गेलेली नसते.

प्रश्न: ५१२ जीबी एसएसडी घ्यावी की १ टीबी?

उत्तर: दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) रिकामा असेल तर आत्ता ५१२. विंडोज आणि तिच्या राखीव जागा जाऊन हाती सुमारे ४०० जीबी उरतात. बाल्डर्स गेट ३ सारखा एक गेम त्यातले १५० जीबी मागतो. म्हणजे दोन मोठे आणि तीन-चार लहान गेम. स्लॉट एकच असेल तर सुरुवातीलाच १ टीबी घ्या, नाहीतर पुढे जुनी काढून सगळे नव्याने बसवावे लागेल. दुसऱ्या स्लॉटची लांबी २२८० (८० मिमी) आहे की २२४२ (४२ मिमी), हे विकत घेण्याआधी बघून ठेवा. एसएसडीच्या जेन ३ आणि जेन ४ या वेगाच्या पिढ्यांमधला फरक गेम खेळताना जाणवत नाही.

प्रश्न: १४४ हर्ट्झची स्क्रीन आहे, तरी चित्र फिके वाटते आणि हलत्या गोष्टींमागे शेपूट दिसते. स्क्रीन खराब आहे का?

उत्तर: खराब नाही, स्वस्त आहे. १४४ हर्ट्झवर दर ६.९ मिलिसेकंदाला नवी फ्रेम येते, पण स्वस्त पॅनेलच्या ठिपक्यांना रंग बदलायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. जुना रंग पुसला जाण्याआधी नवा येऊन बसतो, त्याची ती शेपूट. सॉफ्टवेअरने ती जात नाही. फिकेपणाचे कारण बहुधा तपशीलात सापडेल: "४५% एनटीएससी". याचा अर्थ नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण दोन तृतीयांशच दिसतात. लाल रंग विटकरी होतो. निवड अजून बाकी असलेल्यांनी "१००% एसआरजीबी" किंवा "७२% एनटीएससी" आणि निदान ३०० निट्स उजेड पाहून घ्यावे. २५० निट्सची स्क्रीन दिवसा खिडकीजवळ आरशासारखी वागते.

तुम्ही एक तपासा. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट ६० वर तर राहिलेला नाही ना? पुष्कळांच्या लॅपटॉपवर तो तसाच असतो आणि महिनोन्महिने कळत नाही.

यालाच जोडून मक्स स्विचबद्दल, कारण अनेकांनी ते विचारले आहे. बऱ्याच लॅपटॉपांत मोठ्या कार्डाने बनवलेली फ्रेम प्रोसेसरमधल्या लहान ग्राफिक्समधून स्क्रीनवर जाते. त्या वळशात काही एफपीएस गळतात, जास्त एफपीएसच्या गेममध्ये जास्त. मक्स स्विच असेल तर कार्ड थेट स्क्रीनला जोडता येते. असेल तर उत्तम. नसेल तर तेवढ्यासाठी चांगला लॅपटॉप सोडू नका. बाहेरचा मॉनिटर वापरणार असाल तर एचडीएमआय पोर्ट पुष्कळ गेमिंग लॅपटॉपांत थेट कार्डालाच जोडलेला असतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये "कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स" या पानावर कोणता पोर्ट कुठे जोडला आहे त्याचे चित्र दिसते.

आणि कमी बजेटमध्ये २५६० गुणिले १६०० ची स्क्रीन नको. १९२० गुणिले १०८० च्या जवळजवळ दुप्पट ठिपके भरायचे काम त्याच बिचाऱ्या कार्डावर पडते.

प्रश्न: गेम सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे ८० एफपीएस मिळतात, मग ५० वर येतात. पंखे पूर्ण वेगाने ओरडत असतात. लॅपटॉप दीड वर्षाचा आहे. कूलिंग पॅड घेऊ का?

उत्तर: आधी कारण शोधा, पॅड नंतर. एमएसआय आफ्टरबर्नर मोफत मिळते. त्यातून गेमच्या कोपऱ्यात कार्डाचे तापमान, वॅट आणि प्रोसेसरचे तापमान दिसू द्या. वीस मिनिटे खेळा आणि एफपीएस पडतात त्या क्षणी आकडे पाहा.

कार्ड ८५-८७ अंशांवर आणि वॅट ९० वरून ६० वर आले, तर उष्णता बाहेर पडत नाही. कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत आहे. कार्ड ६५-७० वर आरामात आहे आणि तरी वॅट कमी, तर दोष गरमीचा नाही: चार्जर मूळचा आहे का, तो भिंतीत थेट लावला आहे का, आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मोड "परफॉर्मन्स" आहे की "सायलेंट", ते बघा. प्रोसेसर ९५-१०० वर असेल तर त्याची गरमी कार्डालाही पोहोचते, कारण बहुतेक स्वस्त मॉडेलांत दोघांचे तांब्याचे पाइप एकच असतात.

दीड वर्ष म्हटले की पहिला संशय धुळीवर. ती बाहेरून दिसत नाही. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या मध्ये ती नमद्यासारखी चिकटून बसते. पंखा जिवाच्या आकांताने फिरतो आणि हवा पुढे जातच नाही. झाकण उघडून, बॅटरीची पिन काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने व हवेच्या झोताने तो थर काढा. पाते धरायचे कारण असे की झोताने पंखा मर्यादेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग जाते. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते.

त्यानंतर लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला. दोन जाड पुस्तके कडेला ठेवली तरी होते, फक्त खालच्या जाळ्या झाकू नका. कूलिंग पॅड याहून काही अंशांनीच जास्त उतरवतो. ती खरेदी सर्वांत शेवटी. गादीवर किंवा मांडीवर ठेवून खेळणे मात्र आजपासून बंद.

फुकट आणि सर्वांत परिणामकारक उपाय एफपीएसला लगाम घालण्याचा. कथेच्या गेममध्ये एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधून "मॅक्स फ्रेम रेट" ६० करा. कार्ड ज्या फ्रेम उगाच बनवत होते त्या थांबतात, वॅट खाली येतात, पंखे शांत होतात आणि ८०-५०-८० अशा हेलकाव्यांपेक्षा स्थिर ६० डोळ्यांना कितीतरी बरे वाटतात. आणखी एक युक्ती सगळीकडे सांगितली जाते: पॉवर ऑप्शन्समध्ये "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट" ९९% करा. याने टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, पूर्ण बंद होतो. रायझन ५ ५६००एच चा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे, त्यामुळे तिथे ही युक्ती खपून जाते. आय-५ १२४५०एच मात्र ४.४ वरून २.० वर येतो आणि गेमच अडखळू लागतो. म्हणून मूळ वेग पाहिल्याशिवाय ती करू नका.

थर्मल पेस्ट (चिप आणि तांब्याच्या मधला लेप) बदलण्याची पाळी धूळ काढूनही तापमान उतरले नाही तरच. कंपनीने द्रवधातू वापरला असेल तर तो भाग स्वतः उघडू नका. एक थेंब बोर्डावर सांडला तरी शॉर्ट होतो.

प्रश्न: माझे बजेट ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही. गेम सोडूनच द्यायचे का?

उत्तर: मुळीच नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सपैकी रेडिऑन ६८०एम आणि ७८०एम चांगले आहेत. पहिले रायझन ७ ७७३५एचएस मध्ये, दुसरे ७८४०एचएस आणि ८८४५एचएस मध्ये मिळते. दोन्हींत १२ ग्राफिक्स युनिट आहेत. व्हॅलोरंट, जीटीए ५ सारखे गेम १०८० वर छान चालतात, नवे मोठे गेम कमी सेटिंग आणि अपस्केलिंगवर ३०-४० एफपीएसच्या आसपास. अट एकच आणि ती कडक आहे: रॅम १६ जीबी आणि दोन वाटांची. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, त्यामुळे एका पट्टीवर त्याचा दम निघून जातो. "रेडिऑन ग्राफिक्स" एवढेच लिहिलेला स्वस्त लॅपटॉप मात्र तपासून घ्या. रायझन ५ ७५२०यू मधल्या ६१०एम ला युनिट फक्त दोन आहेत.

प्रश्न: कॉलेजात दिवसभर वापरायचा आणि रात्री गेम. बॅटरी किती टिकेल?

उत्तर: बॅटरीवरचे वॅट-तास भागिले वापर, एवढाच हिशोब आहे. ६० वॅट-तासांची बॅटरी असेल आणि मोठे कार्ड झोपलेले असेल, तर वाचन-लेखनात साधारण १० वॅट जातात: सहा तास. कार्ड जागे राहिले तर २५ च्या आसपास: अडीच तासही नाहीत. म्हणून कार्ड झोपू देणारा लॅपटॉप तुम्हाला हवा. रायझन ७ ७४३५एचएस आठ कोअरचा आणि किफायतशीर आहे, पण त्यात लहान ग्राफिक्स नाहीतच, त्यामुळे मोठे कार्ड सतत चालू राहते. टेबलावर ठेवून वापरणाऱ्याने तो खुशाल घ्यावा, तुम्ही नको.

टाइप-सी पोर्टातून चार्जिंग होते का तेही विचारा, सगळ्यांत होत नाही. होत असेल तर ६५ किंवा १०० वॅटचा लहान चार्जर दिवसा पुरतो. त्यावर गेम खेळू नका. वेग कमी होतो आणि चार्जर लावूनही बॅटरी उतरत जाते. रात्री मोठा चार्जर लावूनच खेळायचे असल्यामुळे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंगची मर्यादा ८०% ठेवा आणि लांबच्या दिवशीच १००% करा.

प्रश्न: जुना गेमिंग लॅपटॉप घेणे धोक्याचे आहे का? काय तपासू?

उत्तर: तासभर हातात मिळत असेल तर धोका बराच कमी होतो. तासभर देत नसेल तर व्यवहार सोडा.

पिढी आधी. ६ जीबीचे आरटीएक्स ३०६० आजही उत्तम, २०६० ठीक. जीटीएक्स १६५० वर डीएलएसएस नाही आणि मेमरी ४ जीबी, ते फारच स्वस्त असेल तरच. जीटीएक्स १०-मालिकेची कार्डे आता टाळा. ऑक्टोबर २०२५ नंतर त्यांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणे थांबले. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा लॅपटॉपमधली रायझन ३००० मालिका तरी लागते. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय उघडत नाही.

मग लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बाजूने पाहा. टचपॅड वर आलेला, क्लिक न होणारा, किंवा खालचे झाकण फुगलेले असेल तर बॅटरी सुजली आहे. ती बदलल्याशिवाय वापरूच नका. कमांड प्रॉम्प्टमधून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी" असे दोन आकडे येतात. ५७,००० च्या जागी ३८,००० उरले असतील तर बॅटरीचा एक तृतीयांश जीव गेलेला आहे, नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर एसएसडीचे आरोग्य टक्क्यांत सांगते.

त्यानंतर चार्जर लावून एखादा जड गेम किंवा युनिजिनची मोफत चाचणी अर्धा तास चालवा. पाच मिनिटांत काहीही कळत नाही. रंगीत ठिपके, आडवे पट्टे किंवा एकदम बंद पडणे यांपैकी एक जरी दिसले तरी तिथेच थांबा, ते कार्डाचे दुखणे आहे आणि त्याची दुरुस्ती म्हणजे बहुधा पूर्ण बोर्ड. पंख्याला कान लावा: हवेचा घोंगावणारा आवाज चालतो, खरखर नाही. स्क्रीनवर पूर्ण काळे आणि पूर्ण पांढरे चित्र लावून ठिपके शोधा, प्रत्येक बटण दाबा, प्रत्येक पोर्टात पेन ड्राइव्ह घाला, झाकण दहा वेळा उघडझाप करा. चार्जर मूळचाच आहे ना, त्याचे वॅट जुळतात ना, तेही लेबलवर बघा.

शेवटी लॅपटॉप रिस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जा. तिथे पासवर्ड मागितला तर तो मालकाला तुमच्यासमोर टाकून काढायला सांगा. "आठवत नाही" असे उत्तर आले तर पैसे देऊ नका. बऱ्याच मॉडेलांत हा पासवर्ड विंडोज नव्याने टाकून किंवा बॅटरी काढूनही जात नाही, आणि तो लावणारा मालक समोरचा माणूस होता की आणखी कोणी, हेही तुम्हाला माहीत नसते.